व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला पोलिसांची नोटीस : सदस्यांची यादी द्यावी का?

जाईजुई
नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे आणि जरा घाई आहे.

आमच्या तालुक्याच्या गावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. चारशेच्या वर लोक, मी आणि आणखी दोघं ॲडमिन. टँकर कधी येणार, कुठल्या वॉर्डात लाइट गेली, कुणाला रक्त हवंय, कुणाची गाय सुटली, असलं सगळं चालतं. बाकी सकाळचे सुविचार.

यंदा झालेला सिमेंटचा रस्ता पहिल्याच पावसात उखडला. लोकांनी खड्ड्यांचे फोटो टाकले. एकाने कामाच्या फलकाचाही टाकला, त्यावर रक्कम आणि ठेकेदाराचं नाव होतं. मग चर्चा तापली. शिवीगाळ नव्हती, जातधर्म नव्हता, पण कुणाकुणाचे हात ओले झाले यावर लोक मोकळेपणाने बोलले.

परवा पोलीस घरी येऊन नोटीस देऊन गेले. छापील नमुना आहे, रिकाम्या जागी बॉलपेनने माझं नाव. 'आपल्या ग्रुपवर आक्षेपार्ह मजकूर प्रसारित झाल्यास आपणास व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल व सदरची नोटीस आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यात येईल' वगैरे. खाली हाताने एक ओळ वाढवली आहे : 'सर्व सदस्यांची नावे व मो. नं. ची यादी दोन दिवसांत सादर करावी.'

सासरे म्हणतात ग्रुप बंद कर. नवरा म्हणतो यादी देऊन मोकळी हो. मला दोन्ही पटत नाही, पण भीती वाटते हेही खरं. काय करू?

कटिंगवाला
सेटिंग 'फक्त ॲडमिन' करा आणि रोज सूर्योदय पाठवा. तालुक्यात कायदा व सुव्यवस्था अबाधित राहील.

शेंगदाणा
सूर्य कुठल्या बाजूने उगवला यावरूनही कुणाच्या तरी भावना दुखावतील. चंद्र सुरक्षित.

जुना_खाकी
ताई, आधी घाबरणं थांबवा. हयात खात्यात गेली माझी. हा नमुना माझ्या हातून गठ्ठ्याने वाटला गेलाय. सण आला, निवडणूक आली की गोपनीयवाला ॲडमिनची नावं आणतो, ठाण्यात जावक क्रमांक पडतो, बीट अंमलदार मोटारसायकलवर वाटत सुटतो. रात्री वरून विचारणा : किती नोटिसा बजावल्या? आकडा सांगितला की काम झालं. त्या हवालदाराचं तुमच्याशी वैर नाही.

पण इथे खिल्ली उडवणाऱ्यांनाही एक सांगतो. १ जुलै २०१८, राईनपाडा, साक्री तालुका, जिल्हा धुळे. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागायला आलेली. बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय ही अफवा मोबाईलवरून आधीच गावोगाव पोचली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाचची मर्यादा घातली ती उगाच नाही. अशा वेळी पोलीस उशिरा पोचले तर तुम्हीच म्हणता, आधी का नाही थांबवलं? आधी थांबवायचं म्हणजे नोटीसच द्यायची ना?

शेंगदाणा
काका, राईनपाड्याला रस्त्याच्या खड्ड्यांचे फोटो फिरत नव्हते.

जुना_खाकी
@शेंगदाणा, मान्य. म्हणूनच ती हाताने लिहिलेली ओळ मला खटकली. छापील भाग वरच्यांचा आहे. बॉलपेनचा भाग कुणी तरी गावातून सांगितल्याशिवाय येत नाही.

बाररूम
वकिली करते, तालुका कोर्टातच. मुद्द्यावर येते.

नोटिशीवर कलम १४९ असेल किंवा १६८. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं १४९ म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६८. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलिसाने मध्ये पडावं, एवढाच त्याचा जीव. त्यातून तुम्ही आरोपी होत नाही. 'पुरावा म्हणून वापरू' याचा अर्थ इतकाच की उद्या काही घडलं तर 'यांना समज दिली होती' असं ते कोर्टाला सांगतील.

'ॲडमिन व्यक्तिशः जबाबदार' हे मात्र चूक आहे. गोंदियाचं प्रकरण होतं. ग्रुपमधल्या एकाने एका महिला सदस्याबद्दल घाण लिहिलं, ॲडमिनने त्याला काढलं नाही, म्हणून ॲडमिनवरच गुन्हा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ ला तो रद्द केला. ॲडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं, दुसरा काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही, त्यामुळे दोघांचा मिळून बेत होता हे दिसल्याशिवाय तो जबाबदार नाही. ती प्रत छापून जवळ ठेवा.

आता यादी. पोलिसांना कागद किंवा इलेक्ट्रॉनिक माहिती मागायचा अधिकार आहे, त्यासाठी कलम ९४ आहे (जुनं ९१). पण ते तपास, चौकशी किंवा खटल्याच्या कामी. तुमच्याकडे ना गुन्हा नोंद, ना तक्रारीचा उल्लेख. चारशे माणसांचे नंबर कशासाठी? लेखी उत्तर द्या आणि त्यात विचारा : कुठला मजकूर, कुठल्या तारखेचा, कुठल्या गुन्ह्याच्या तपासात यादी हवी आहे. पोच घ्या. तोंडी काहीही बोलू नका, आणि एकटीने जाऊ नका.

अभियंता_८४
मला हा गदारोळ कळत नाही. मोबाईल नंबर आपण मॉलमध्ये देतो, पिझ्झावाल्याला देतो, बारशाच्या हॉलवाल्याला देतो. पोलिसांना दिला तर आभाळ कोसळतं? चुकीचं काही लिहिलं नसेल तर लपवायचं काय? आणि लिहिलं असेल तर भोगा.

कटिंगवाला
पिझ्झावाला पहाटे सहाला दारात येऊन 'साहेबांनी बोलावलंय' म्हणत नाही हो.

नदीकाठ
@अभियंता_८४, 'चुकीचं' कोण ठरवणार? पालघरचं विसरलात का? नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती. एका मुलीने फेसबुकवर लिहिलं की बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे. तिच्या मैत्रिणीने नुसतं 'लाइक' केलं. दोघींना अटक. पोस्ट लिहिणारीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला तो वेगळाच. त्या पोस्टमध्ये चुकीचं काय होतं, आज कुणी सांगेल?

नंतर पोलीस अधिकारी निलंबित झाले, प्रकरण बंद झालं. त्यातूनच श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ पूर्ण रद्द झालं. 'त्रासदायक', 'गैरसोयीचं' लिहिलं म्हणून तीन वर्षं कैद, असं ते कलम. गंमत पुढे आहे. रद्द झाल्यावरही देशभरातली पोलीस ठाणी ते कलम लावतच राहिली. २०२१ मध्ये हे पुढे आलं तेव्हा न्यायाधीशच थक्क झाले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा आदेश काढावा लागला की बाबांनो, हे कलम मेलंय, लावू नका.

अभियंता_८४
म्हणजे न्यायालयाने न्याय दिलाच ना? व्यवस्था काम करते.

बाररूम
करते. मे २०२५ मध्ये पुण्यातली इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी एक पोस्ट शेअर केली, शिव्या पडल्यावर थोड्याच वेळात काढून माफीही मागितली. तरी अटक झाली, कॉलेजने काढून टाकलं. उच्च न्यायालयाने २७ मे ला सोडायला सांगितलं, सरकारला चांगलं सुनावलं, परीक्षेला बसू द्या म्हणाले. छान न्याय मिळाला. मधले दिवस त्या एकोणीस वर्षांच्या पोरीने तुरुंगात काढले, त्याची भरपाई कुठल्या कलमात आहे ते मला अजून सापडलेलं नाही. माझ्या अशिलांना मी हेच सांगते, की निकाल तुमच्या बाजूने लागेल, पण तारखा तुम्हाला मोजाव्या लागतील.

राजकारणी_नाही
हे सगळं २०१४ नंतर सुरू झालं. आधी असं नव्हतं.

नदीकाठ
२०१२ चं उदाहरण वरच आहे. चष्मा लावा. त्याच वर्षी व्यंगचित्रकार असीम त्रिवेदीला मुंबईत राजद्रोहाखाली धरलं होतं.

दादरकर
आणि मे २०२२ ला काय झालं? एका मराठी अभिनेत्रीने शरद पवारांवरची दुसऱ्याची कविता शेअर केली म्हणून महिन्याच्या वर आत. तेव्हा राज्यात सरकार कुणाचं होतं? कविता मलाही हीन वाटली होती, पण हीन कवितेला तुरुंग म्हटलं तर दिवाळी अंकांचं काय होईल!

राजकारणी_नाही
तुम्ही कुठल्या शाखेचे ते कळलं.

दादरकर
बँकेच्या. दादर पश्चिम.

संपादक
व्यक्तिगत शेरे नकोत. दोन प्रतिसाद उडवले आहेत. (हो, अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या धाग्यावर. पुढचे विनोद आम्हीच करून घेतले आहेत, त्रास घेऊ नये.)

पंचगंगा
कोल्हापूरचा हाय. नोटिशीवर बोलतोय सगळे, मी नेट बंदवर बोलतो. ७ जून २०२३. काही पोरांनी स्टेटस ठेवलं, त्यावरनं गाव पेटलं, शिवाजी चौकात दगड, लाठीमार, आणि मग नेट बंद. दंगल थांबली पाहिजे होती, त्यात वाद न्हाई. पण माझं हार्डवेअरचं दुकान. शटर अर्धं वर घेतलं तरी पैशे घ्यायचे कसे? क्यूआर कोडची पेटी मुकी. गिऱ्हाइकाच्या खिशात रोकड न्हाई, एटीएमम्होरं रांग. ओळखीच्यांची उधारी वहीत लिवली, अनोळखी माणूस पाइपचा एल्बो ठेवून निघून गेला. पलीकडच्या गल्लीतल्या पोराचा ऑनलाइन फॉर्म भरायचा र्‍हायला.

आणि अफवा थांबल्या म्हणता? फोनवरनं चालूच की. नेट असतं तर निदान 'हे खोटं हाय' म्हणून फोटो तरी टाकला असता कुणी.

बाररूम
@पंचगंगा, काश्मीरच्या नेटबंदीवर अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की बंदीचे आदेश प्रसिद्ध करा, बेमुदत बंदी चालणार नाही. आदेश काढायचा अधिकार गृहसचिवाच्या पातळीवरचा. तुमच्या जिल्ह्याचा आदेश कधी हातात आला होता?

पंचगंगा
आदेश? मोबाईल कंपनीचा मेसेज आला. तोबी नेट चालू झाल्यावर.

थेम्सकाठची
बाहेर सगळं आलबेल आहे असं समजू नका. इथे ब्रिटनमध्ये सरकारने ॲपलकडे ग्राहकांच्या कुलूपबंद साठ्यात शिरायची वाट मागितली, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने ती जादा सुरक्षेची सोयच इथल्या लोकांसाठी बंद केली. जुलै २०२५ पासून मुलांच्या सुरक्षेच्या नावाखाली वयाचा पुरावा द्या. माझ्या नवऱ्याने एका साइटसाठी चेहरा स्कॅन केला तर त्याचं वय कमी निघालं. आठवडाभर मिशीला तेल लावत होता.

गंमत सोडा. मुलांना जपायला हवं, दहशतवाद्यांना पकडायला हवं, कुणी नाही म्हणत नाही. पण दार एकदा केलं की त्यातून फक्त चांगली माणसंच येतील अशी पाटी लावता येत नाही.

अभियंता_८४
मग आपल्या सोसायटीतही तेच. पाहुणा आला की वॉचमन फोटो काढतो, नंबर घेतो, ॲपमध्ये टाकतो. कामवाल्या बाईंची तर आल्या-गेल्याची वेळ मिनिटासकट सगळ्या मजल्यांना दिसते. तिथे खासगीपणा आठवत नाही?

नदीकाठ
हा मुद्दा अगदी बरोबर, आणि तो तुम्ही मांडलात याचं आश्चर्य वाटलं. आमच्याकडे तर एका बाई आधीच्या घरी किती वाजता पोचल्या यावरून दुसऱ्या घरी भांडण झालं. त्यांना विचारलं होतं का कुणी?

नागपुरी_संत्रं
थोडं मागं जातो. खडक सिंगचा खटला कुणाला आठवते का? उत्तर प्रदेशातला माणूस, दरोड्याच्या केसमधून सुटलेला. तरी पोलीस रात्री-बेरात्री दार ठोकत, कुठं चालला, कोण आलं, सगळं वहीत. १९६२ ला सर्वोच्च न्यायालयानं ते रात्रीचं घरी येणं रद्द केलं, पण पाळत चालू द्या म्हटलं, कारण खासगीपणाचा हक्क घटनेत नाही म्हणे. न्या. सुब्बा राव यांनी तेव्हाच वेगळं मत दिलं. ते मत खरं ठरायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडलं. पुट्टस्वामी खटला, नऊ न्यायाधीश, एकमत : खासगीपणा मूलभूत हक्क. त्यात हात घालायचा तर कायदा पाहिजे, हेतू रास्त पाहिजे, आणि उपाय प्रमाणात पाहिजे.

आता जाईजुईंच्या नोटिशीला हे लावून पाहा. कायदा? बाररूम म्हणतात नाही. हेतू? ठेकेदार. प्रमाण? एका रस्त्यासाठी चारशे नंबर. तिन्ही पेपर नापास. अन् आपल्याकडे मोठे मोठे लोक पेगॅसस या फोनमध्ये घुसणाऱ्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरवर बोलतात, पण तिथंही सर्वोच्च न्यायालयाच्या समितीनं तपासलेल्या २९ फोनांपैकी पाचांत काहीतरी घुसखोर सापडलं, ते पेगॅससच का हे ठरलं नाही, सरकारनं सहकार्य केलं नाही असं समितीनंच सांगितलं. तालुक्यात कायले लागते पेगॅसस? हवालदाराची मोटारसायकल दारात उभी राहिली की झालं.

शेंगदाणा
+१. शेवटची ओळ.

जुना_खाकी
ओळ लागली मला, पण खोटी नाही.

माहितीवाला
सगळे खासगीपणावर बोलताहेत म्हणून उलट बाजू सांगतो, मी माहिती अधिकारात काम करतो. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं. आधी 'वैयक्तिक माहिती' नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे दाखवावं लागे. आता वैयक्तिक म्हटलं की संपलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले तेव्हा हा बदल लागूही झाला. म्हणजे लाभार्थ्यांची यादी, अधिकाऱ्याची रजा, अगदी ठेकेदार व्यक्ती असेल तर त्याचं नावसुद्धा 'वैयक्तिक' म्हणून अडवायला जागा झाली. कलम ८(२) खाली जनहित दाखवून मागता येतं, पण ते दाखवायचं ओझं आपल्या डोक्यावर. आणि त्याच डेटा संरक्षण कायद्यात सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकतं.

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा कायदा केंद्राच्या आधी, २००२ मध्ये होता. अण्णांची उपोषणं आठवत असतील. आता खासगीपणा सरकारच्या फाइलला आणि चारशे नंबर ठाण्याला, असा उलटा बाजार मांडलाय.

अभियंता_८४
हे मला माहीत नव्हतं. ठेकेदाराचं नाव वैयक्तिक कसं?

कटिंगवाला
अभियंता धाग्यात घसरले. सावकाश या, रस्ता सिमेंटचा आहे.

जाईजुई
सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

दीर आणि गावातले एक वकील बरोबर आले. बाररूमताईंनी सांगितल्याप्रमाणे अर्ज नेला : कुठला मजकूर, कुठली तारीख, कुठला गुन्हा. ठाणे अंमलदार आधी म्हणाले, पोच कशाला, ठेवून जा. वकील म्हणाले, बसतो. बसलो. चहा आला. मग त्यांनी अर्ज पुन्हा वाचला, आत जाऊन आले, आणि 'यादीचं राहू द्या, पण शांतता ठेवा' असं तोंडी म्हणाले. वकिलांनी तेही लिहून मागितलं तर हसले. शेवटी शिक्का मिळाला.

यादी दिलेली नाही. ग्रुप सुरू आहे. पण नोटीस आल्याचं कळल्यापासून बरेच जण गपचूप बाहेर पडलेत. ज्यांनी फलकाचा फोटो टाकला होता त्यांनी तो सगळ्यांसाठी डिलीट केला आणि मला फोन करून सांगितलं, 'वहिनी, पोराची पोलीस भरती आहे, राग मानू नका.' राग कसला मानू. काल पुन्हा टँकर आला नाही, तर साडेदहापर्यंत कुणी विचारलंसुद्धा नाही. आधी सातला ओरड व्हायची.

बाररूम
नोटिशीचं काम तेच होतं, ते झालं. तरी तुमची पोच जपून ठेवा. पुन्हा कुणी आलं तर ती पुढे करायची, आणि वकिलाला फोन.

जुना_खाकी
तुमच्या ठाण्यातल्या त्या अंमलदाराला मी दोष देणार नाही. पण ताईंनी शिक्का मिळवला याचा मला आनंद झाला, हेही लिहून ठेवतो.

दादरकर
फलकाचा फोटो आणखी कुणाकडे आहे का?

कटिंगवाला
ठेकेदाराकडे असेल. अल्बममध्ये.

माहितीवाला
फोटोची गरजच नाही. नगरपालिकेच्या बांधकाम विभागाकडे अर्ज टाका : त्या कामाचा कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि काँक्रीटच्या चाचणीचा अहवाल. यातलं काहीच वैयक्तिक नाही. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. अर्ज ग्रुपमधल्या कुणाच्याही नावाने चालेल, गावाबाहेरचा कुणी असला तरी चालतो. मीच करतो हवं तर. फक्त आपल्या राज्याच्या नियमात एक अट आहे : एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द. मसुदा खालच्या प्रतिसादात टाकतो, तपासा.

शेंगदाणा
मसुदा वाचला. एकशे बासष्ट भरतात. 'सविनय सादर' आणि दोन ठिकाणची 'नम्र विनंती' काढा, बसेल.